हिवराखालची कोरी जागा

ता. ३ एप्रिल १९६१, सोमवार. यवतमाळ

आज मी यवतमाळला आले. मोटारीत ज्याच्या त्याच्या मांडीवर पोतं, कोंबडी नाहीतर लेकरू होतं. माझ्या मांडीवर नुसतं गाठोडं पाहून एका बाईनं तिचं लेकरू माझ्याकडे दिलं. ते राळेगावपासून झोपलं आणि उतरताना माझं लुगडं ओलं करून गेलं. शहरानं वेशीवरच स्वागत केलं म्हणायचं.

गोविंदा, माझा लहाना लेक, इथल्या संग्रहालयात चपराशी आहे. मोटारीवर घ्यायला आला तो खाकी कपडे, खाकी टोपी घालून. मी आधी त्याला पोलीस समजून बाजूला झाले. तो हसून हसून वाकला. संग्रहालय म्हणजे कापसाच्या एका शेटजीनं दान दिलेली मोठी इमारत. जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत आणि लोक त्या पाहायला येतात. आमच्या घरीही सगळ्या वस्तू जुन्याच होत्या, पण पाहायला कोणी आलं नाही. मागच्या दोन खोल्या गोविंदाला राहायला दिल्या आहेत. त्याची बायको प्रभावती आणि तीन वर्षांची जया, अशी माणसं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात तुळशीच्या जागी मिरचीचं रोप. मला घर आवडलं.

प्रभावती सातवी शिकलेली आहे. साहेबांनी गोविंदाला एक कोरी डायरी दिली होती, ती तिनं काढली आणि म्हणाली, आत्या, तुम्ही दिवसभर बोलता ते वाया जाते, मी लिहून ठेवते. म्हटलं, लिही. मोठा पंजाब असता तर त्यालाही सांगितलं असतं, तुझी माय आता लिहिणारी झाली. पंजाब नागपूरला दीक्षा घेऊन आला आणि त्याच हिवाळ्यात एका सकाळी घरातून गेला तो परत आला नाही. गाव म्हणते नागपूरला गिरणीत लागला, तिकडेच बायको केली. केली असेल. पण दोन ओळी टाकायला काय झालं? मला वाचता येत नाही, पण पोस्टमनला येते.

आता हिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. मी 'मले' म्हटलं तिथं हिनं 'मला' लिहिलं, मी 'आली' म्हटलं तिथं 'आले'. मी विचारलं, ही कोण मास्तरीण बोलून राह्यली? उद्यापासून मी बोलते तसं लिहायचं. नाहीतर भाकर मिळणार नाही. हेही लिही. हसू नको, लिही.

ता. ५ एप्रिल, बुधवार

सून सुधारली. आता माझं बोलणं माझं वाटते.

मले काम लागलं! संग्रहालयाची झाडझूड. वामनराव म्हणून साहेब आहेत, चष्म्यातून पाहतात तेव्हा आपण काचेच्या पेटीत ठेवलो असं वाटते. त्यायनं कागद पुढं केला. मी म्हटलं, साहेब, मले सही येत नाही. ते म्हणाले, मग अंगठा द्या, अंगठा म्हणजे तुम्हीच. सही कोणीही खोटी करीन, अंगठा नाही. अन् ही शाई पक्की आहे, पाण्यानं जात नाही. खरंच, रात्री भाकरी थापल्या, भांडे घासले, तरी अंगठा निळाच. जया त्याले पाहून म्हणे, आजीनं जांभूळ खाल्लं.

दालनं चार. पहिल्यात जुनी नाणी. दुसऱ्यात नाक तुटलेले देव. आमचे देव आम्ही नदीत सोडले, यायनं नाकं नसलेले आणून ठेवले. तिसऱ्यात भुसा भरलेला वाघ, एकच डोळा. जाता-येता मी त्याच्या पाठीवर झाडणी फिरवते, त्याले बरं वाटत असीन.

चौथ्यात चित्रं. एका चित्रावर पडदा. म्हटलं, हे काय, नवी नवरी? गोविंदा म्हणाला, पाण्याच्या रंगाचं चित्र आहे माय, उन्हानं उडते. त्यानं पडदा सारला अन् मी उभीच राह्यली.

आमचा डोह! आमच्या गावाखाली वर्धा नदी वळते ना, तोच. तेच पाणी, पलीकडं कापसाची वावरं, वर पांढरे ढग. त्या डोहात मी अर्धा जन्म लुगडी धुतली. कागदातून पाण्याचा वास येईन असं चित्र. पण काठावर मधोमध एक हिवराचं झाड काढलेलं. तिथं हिवर नाही, कधी नव्हता. तिथं आमच्या लोकायचा पाणी भरायचा उतार आहे. गोविंदा म्हणाला, चित्रकारायले वाटलं तर ते झाड काढतात. म्हटलं, काढू दे. पण उतारावर झाड काढलं तर बायकायनं घागर कुठून न्यायची?

ता. ८ एप्रिल, शनिवार

आज त्या चित्राचा धनी पाहून घेतला. सदाशिवराव. सारे ड्रॉइंग मास्तर म्हणतात. म्हातारे, वाळलेले, काखेत काळी छत्री. गोविंदा सांगत होता, दर शनिवारी येतात, बाकी कशाकडे पाहत नाहीत, पडदा सारतात, ओल तर नाही आली पाहतात अन् जातात. मी म्हटलं, मास्तर, लेक दिली सासरी, आता दर आठवड्याले काय पाहता, सुखात आहे ती.

ते हसले. मग मले समजावून सांगत बसले. या रंगात पांढरा रंग लावतच नाहीत म्हणे. ढग पांढरे दिसतात तिथं कागद कोरा सोडलेला आहे. अन् एकदा लावलेला रंग पुरा झाकता येत नाही. वरून कितीही गडद लावा, खालचा खाली राहतो. म्हणून पाण्याचा हात लावायचा नाही, बाई. चुकूनही नाही.

म्हटलं, नाही लावत. पण मास्तर, तिथं हिवर नाही. मी त्याच गावची आहे.

त्यायच्या तोंडाचा रंग गेला. पाण्याचा होता वाटते. त्यायनं विचारलं, घर कोणतं? मी सांगितलं, बौद्धपुऱ्यातली मैनाबाई, गोविंदाची माय, अन् पंजाबची.

मास्तर उठले अन् चालले गेले. छत्री इथंच राह्यली. मी वाघाच्या बाजूले टेकवून ठेवली, दोघायले सोबत.

ता. ११ एप्रिल, मंगळवार

शुक्रवारी जयंती. साहेबायनं सांगितलं, सारं चकचकीत करा, मोठे लोक येतीन. चौथ्या दालनात भिंतीले उधई, वाळवी म्हणतात ती, लागलेली. गोविंदानं चित्रं उतरवली, चौकटी खोलून उन्हात ठेवल्या. डोहाच्या चित्राची काच उतरवतानाच तडकली. नवी काच आठवडाभरानं येईन. चित्र उघडंच टेबलावर ठेवलं. गोविंदा म्हणाला, माय, त्याले हात लावू नको.

मी हात नाही लावला. फडकं लावलं.

हिवराच्या बुडाशी उधईच्या मातीची रेघ होती. आपल्याले काय माहीत, घरचे फोटो आपण ओल्या फडक्यानंच पुसतो. एकच हात फिरवला. माती गेली अन् संग हिवराचं बूडही गेलं. फडक्यावर हिरवा डाग. म्हटलं, मैनाबाई, पहिल्याच आठवड्यात नोकरी गेली.

मग पाहते तं झाडाखाली टाच होती. माणसाची टाच. तिच्यावर पोटरी. रंग फिका, पण होता.

मी गोविंदाले सांगितलं नाही. प्रभावतीले सांगून राह्यली, ती लिहून राह्यली. तोंड वाकडं करू नको वं, तुले कामावरून नाही काढणार.

ता. १२ एप्रिल, बुधवार

आज अजून पुसलं. हात राहवेना.

झाडाखाली माणूस आहे. पाठमोरा. खांद्यावर पाण्याची कावड. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. बंडी पांढरी, तिच्यावर पाठीले ठिगळ. निळं.

ते ठिगळ मी लावलं होतं. माझ्या जुन्या चोळीचं. पांढऱ्या बंडीले निळं काहून लावलं म्हणून पंजाब भांडला होता. मी म्हटलं होतं, लांबून ओळखू येशीन. मास्तरायनं ठिगळसुद्धा सोडलं नाही.

माझा पंजाब आहे. नागपूरले नाही गेला. पाण्याले गेलता.

प्रभावती रडून राह्यली. रडू नको, अक्षर फुगते. पुढचं लिही. त्याच्या मागं अजून एक माणूस आहे. खोडाच्या जागी. त्याचा हात वर. हातात काय ते पाहाले मी अजून थोडं पुसलं.

कुऱ्हाड.

ता. १४ एप्रिल, शुक्रवार

जयंती. सकाळी सारे पांढरे कपडे घालून, जयाच्या हाती निळं निशाण. मिरवणूक निघाली. मी म्हटलं, पाय दुखतो, तुम्ही जा. गोविंदानं पाय चेपून द्यायचं म्हटलं. मी म्हटलं, जा, माझे पाय काही मिरवणुकीत नाही पळून जात. त्याच्या खिळ्यावरून संग्रहालयाची किल्ली घेतली.

दुपार. बाहेर नुसता जाळ, रस्त्यावर कुत्रं नाही. मोठे लोक मिरवणुकीतच राह्यले, इकडं कोणी फिरकलं नाही. दालनात थंड.

पंजाबचं तोंड नदीकडं. गालाची कड तेवढी दिसते अन् तिच्यावरही हिवराचा हिरवा राह्यलेला. मायले वाटणारच ना, एकदा तोंड पाहू. मी फडकं नाही घेतलं. पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं, लहानपणी शाळेत धाडताना करत होती तसं, अन् गाल पुसला.

गाल पदरावर आला. मी घाबरून अजून पुसलं, हात थांबेना. मान आली, खांदा आला, कावड आली, ठिगळ आलं. सारा पंजाब माझ्या पदरावर आला. तपकिरी, राखाडी, थोडा निळा. कागदावर कोरी जागा राह्यली. माणसाएवढी.

मागचा तसाच. कुऱ्हाड वर. अन् त्याच्यापुढं कोणी नाही.

दालनात गाळाचा वास येऊन राह्यला. मी पदर धुतला नाही. धुणार नाही.

ता. १५ एप्रिल, शनिवार

संग्रहालयाच्या दारावर एक कुत्रं बसायचं, ते मेलं. मेलं म्हणजे, मधून दोन भाग. फाटकापासून चौथ्या दालनापर्यंत ओले पाय. नदीचा गाळ. एप्रिलात, यवतमाळात, जिथं प्यायले पाणी नाही!

मास्तर आले. छत्री घ्यायले नाही, चित्राले. पाहून खालीच बसले. मी पदर दाखवला. म्हटलं, हा माझा लेक आहे. आता तुम्ही सांगा.

त्यायनं सांगितलं. प्रभावती, जशाले तसं लिही.

मास्तर त्या सकाळी डोहाच्या काठी चित्र काढत होते. पंजाब कावड घेऊन उतारावरून आला. चित्रात माणूस बरा म्हणून त्यायनं त्याले काढून घेतलं. मागून मारोतराव आला, गावचा मोठा कास्तकार. त्याचा बैल मेला होता. पंजाबनं सांगितलं होतं, दीक्षा घेतल्यावर आम्ही मेलेली ढोरं ओढत नाही. मास्तरायले वाटलं दोघं बोलतीन. म्हणून दुसराही काढला, हात वर केलेला. पहिला घाव मानेत अन् खांद्यात बसला. पंजाब कावडीसकट गुडघ्यावर आला. माय म्हणाला. दुसरा घाव पाठीत, ठिगळावर. तिसऱ्यानं मान लटकली. मग मारोतरावनं त्याच्याच कावडीच्या दोरानं त्याले दगड बांधला अन् डोहात लोटला. कोंबडं कापून पाय बांधतात तसं.

मास्तर हातात कुंचला घेऊन बसले होते. उठले नाहीत, ओरडले नाहीत.

मारोतराव त्यायच्यापाशी आला. चित्र पाह्यलं. म्हणाला, झकास काढलं मास्तर, पण हे दोघं कायले, इथं झाड काढा. अन् मास्तरायच्या रंगाच्या वाटीत कुऱ्हाड बुडवून धुतली. त्याच पाण्यानं मास्तरायनं हिवर काढला.

तेच चित्र पुढं बक्षीस घेऊन इथं लागलं.

मारोतराव पुढच्या सालीच मेला. बैलानं पोट फाडलं. मास्तर म्हणाले, तो मेला बाई, पण कागदावरचा नाही मेला. पुढं पंजाब होता तोवर तो पंजाबपाशी अडकून होता, तेच पाहाले मी दर शनिवारी येत होतो. तुम्ही पुढचा माणूस पुसला. आता तो कुऱ्हाड घेऊन माणूस पाहीन. तशाच पाठीचा, तशाच खांद्याचा भेटला तं त्याले सोडणार नाही.

तशा पाठीचा. गोविंदाचाही डावा खांदा खाली आहे. दोघायनंही लहानपणापासून एकच कावड वाह्यली.

मी म्हटलं, जाळून टाकू. ते म्हणाले, जाळलं तं त्याले परत जायले घर राहणार नाही, तो कायमचा बाहेर राहीन. त्या कोऱ्या जागी कोणी तरी उभं पाह्यजे. रंग वाळला की तो परत त्याच्यामागं जाऊन बसीन. पण काढू कोणाले?

मी म्हटलं, स्वतःले काढा. तेव्हा बसून पाह्यलं, आता उभं राहून पाहा.

ते उठले. मग चित्र छातीशी धरून, साहेबाले दुरुस्तीचं सांगून, घरी घेऊन गेले.

ता. १७ एप्रिल, सोमवार

मास्तरायले मारलं.

साहेबायनं गोविंदाले चित्र आणाले धाडलं होतं. दार आतून बंद. लोकायनं तोडलं. मास्तर टेबलावर पालथे. मान अर्धी. पाठीत दोन घाव, हाडापर्यंत. खुर्ची भिंतीले टेकलेली, तरी घाव पाठीतच. जमिनीवर घोटाभर गाळ. पोलीस म्हणतात दरोडा. दरोडेखोर गाळ घेऊन येते का?

चित्रात मास्तरायनं स्वतःले काढलं होतं. उभं, काखेत छत्री. पण रंग वाळायच्या आत तो आला. पाण्याची वाटी लवंडली, मास्तर वाहून गेले. छत्रीची काडी राह्यली तेवढी. जागा पुन्हा कोरी.

मी बोलली म्हणून गेले ते. जिभेले हाड नाही, हे जग मले सांगत आलं अन् मी हासत आली.

गोविंदानं चित्र काखेत मारून आणलं. त्याच्या खाकीवर ओल.

ता. १९ एप्रिल, बुधवार

मागचा आता झाडाच्या जागी नाही. पुढं आला. तोंड इकडं. मारोतराव, मी ओळखते, मिशीचा एक झुपका पांढरा.

अन् कोऱ्या जागेवर रंग येऊन राह्यला. कोणी लावला नाही. आपसूक. आधी वाटलं ओल. मग डाग. खाकी.

प्रभावतीनं पाह्यलं. रेघ सोडून लिहून राह्यली. हे अक्षर तिचं नाही वाटत ना? तिचंच आहे.

गोविंदाले म्हटलं, नोकरी सोड, गावाले चाल. तो म्हणाला, माय, एका कागदाले भिऊन? गावाले जाऊन काय करू, ढोरं ओढू?

म्हटलं, मग टोपी तरी घालू नको. तो हासला. माझं हासणं त्याले आलं आहे, हेच चुकलं.

ता. २० एप्रिल, गुरुवार

गोविंदाले लागलं.

दुपारी. चौथ्या दालनात पडदा लावून राह्यला होता. मी दारात. पडद्याखाली पाय दिसले. ओले. त्याचे नाही. मी ओरडली, गोविंदा, वाक! तो वाकला. मानेवरची कुऱ्हाड खांद्यात बसली. हाड दिसते. रक्त भिंतीवर, वाघावरही. तो लहान असताना ओरडत होता तसा ओरडला.

मी झाडणी घेऊन धावली. कोणी नव्हतं. नुसता गाळ.

दवाखान्यात टाके घातले. घरी आणला. ताप. म्हणते, माय, ओला माणूस होता. साहेबायनं संग्रहालय बंद केलं, पोलीस येऊन गेले.

चित्रात खाकी खांदा पुरा झाला. पाठ झाली. डोक्याची टोपी राह्यली तेवढी—

ता. २१ एप्रिल, शुक्रवार

टोपीची कड आली आज. सकाळी नव्हती.

गोविंदाले हलवता येत नाही, डॉक्टर म्हणते टाके सुटतीन. अन् हलवून काय, पाठ तं संगच येईन.

मास्तरायचा रंग वाळला नाही. पाणी ते. मी विचार करून राह्यली, न वाहणारं काय आहे—

माझा अंगठा आहे.

साहेबायच्या टेबलावर शाईची गादी. अंगठा दाबला, चांगला, दोनदा. कुऱ्हाडीच्या पुढं, गोविंदाच्या पाठीवर, त्या खाकीवर ठेवला. वजन टाकलं. उचलला तं खाकी दिसत नाही. निळा, नुसता निळा. पंजाबच्या ठिगळाएवढा.

थुंकी लावून पाह्यलं. जात नाही.

अंगठा म्हणजे मीच. साहेब बोलले होते.

ता. २२ एप्रिल, शनिवार

गोविंदाचा ताप उतरला. पाणी मागितलं, भाकर मागितली, मले बुढी म्हणून चिडवलं. वाचला. चित्र पाहून आली. खाकी नाही कुठंच. अंगठा आहे. मागचा अंगठ्याकडे पाहून राह्यला.

सकाळपासून माझा अंगठा थंड आहे. जयाले धरू दिला नाही.

दुपार झाली. मी घराच्या दारात बसली, तोंड बाहेर. माझ्यामागं गोविंदाची खाट. प्रभावतीले म्हटलं, जा, तं म्हणते लिहिते. बरं, लिही, पण पाठ दाराकडं ठेव, पाहू नको. जया मोठी झाली की सांग, आजीले एकच अक्षर येत होतं, पण ठिकाणावर टाकलं. तिले शिकव. पदर माझा धुऊ नका, माझ्यासंग द्या.

पंजाबची पाठ होती. मास्तर भिंतीले टेकले तरी त्यायची पाठच निघाली. अंगठ्याच्या ठशाले पाठ नसते, मी रात्रभर पाहत होती. कुठूनही पाहा, समोरच.

फाटक वाजलं. वारा नाही.

पाय येऊन राह्यले. ओले. दिसतात, माणूस नाही दिसत— आता दिसते. मिशी दिसते. माय वं, केवढी ती कुऱ्हाड—

पाहू नको प्रभावती. लिही. माझ्याकडं नको पाहू, कागदाकडं पाहा—

थांबला तो. तोंड पाहून थांबला. समोरून मारायची सवय नाही त्याले—

ये ना. लाजतो काहून? ये मारोतराव. पाय पुसून ये, आत्ताच सारव—